गाडीच्या पोटातलं पाणी

शिवांजलीनं नळ सोडला, ओंजळ पुढं केली आणि पाणी नाकाजवळ नेऊन हुंगलं. औषधाचा वास अजून येत होता. तिनं खिडकीतून हाक मारली, "अजून एकदा सोडावी लागेल टाकी."

गाडीखाली पाठीवर पडलेल्या तिच्या नवऱ्यानं, रणधीरनं, मुकाट्यानं चावी फिरवली. पाणी धो धो अंगणात गेलं, कोंबड्या फडफडत पळाल्या, आणि समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या सिताबाईंना आयतं निमित्त मिळालं.

"काय गं शिवांजले, गाडीलाबी डायलिसिस लावलंय व्हय?"

"लावलंय की काकू. तुमच्या रांजणालाबी लावू का?"

"नगं बया. आमचा रांजण धडधाकट हाय. त्यात एक बेडकी नांदती, तीबी धडधाकट हाय."

शिवांजली हसली. डायलिसिस हा शब्द ऐकला की पूर्वी ती उठून आत निघून जायची. आता तो शब्द दुसऱ्या कुणाच्या घरचा वाटावा इतका लांब गेला होता. तुळजापूरच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात तिची सारी कहाणी लहानथोरांना पाठ होती. लग्नाला चार वर्षंही झाली नव्हती तोच दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. सोलापूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. माहेरी आईला साखरेचा आजार, त्यामुळे तिची किडनी चालेना. धाकटी बहीण हर्षालीचा आणि भाऊ कुलदीपचा रक्तगट वेगळा. नवऱ्याचा तर त्याहून वेगळा. आणि मग एके दिवशी सासूनं, विठाबाईंनी, चुलीपुढून उठत म्हटलं, "माझी बघा की. दोन हायत म्हनं, एक काय चाटायचीय?"

त्यांची जुळली. सासू सुनेला किडनी देते म्हटल्यावर मंजुरी देणाऱ्या समितीलाही नवल वाटलं. तिथल्या साहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "आजी, तुमच्यावर कुणी जबरदस्ती केलीय का?" विठाबाई म्हणाल्या, "साहेब, म्या सासू हाय. जबरदस्ती म्या करत असते. माझ्यावर कोन करनार?" समिती हसली आणि कागदावर सही झाली.

ऑपरेशन चांगलं झालं. पण डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की किडनी टिकवायची तर शरीराची लढायची ताकद औषधांनी दाबून ठेवावी लागते, तेव्हा दुसऱ्यांना ज्या पाण्यानं नुसतं पोट दुखेल त्या पाण्यानं हिचा जीव धोक्यात येईल. जिथं जाल तिथं पाणी आपलं, जेवण आपलं, संडास आपला. असं कुठं असतं का? म्हणून वर्ष दीड वर्ष शिवांजली घर आणि दवाखाना सोडून कुठं गेली नाही. शेवटी रणधीरनंच डोकं चालवलं. सोलापूरहून तुळजापूरला भाविकांची ने-आण करायची त्याची जुनी ट्रॅव्हलर होती. तिच्या सीटा काढून त्यानं झोपायला दोन फळ्या, एक ओटा, मागं इवलंसं न्हाणीघर असं सगळं बसवून घेतलं. बॉडीवाल्या बब्रुवाननं फळीखाली पाण्याची टाकी ठोकली, तिला छोटी मोटर, गाळणी आणि दोन नळ जोडले. टाकीचं तोंड गाडीच्या कुशीत बाहेरच्या बाजूला होतं, पेट्रोलच्या टाकीला असतं तसं, वर फिरकीचं झाकण.

टाकी निर्मळ कशी ठेवायची हे दवाखान्यातल्या सिस्टरनं शिवांजलीला समजावून सांगितलं होतं. टाकी वरून स्वच्छ दिसते, पण आतून पाइपांना हळूहळू बुळबुळीत थर धरतो, रांजणाच्या बुडाला धरतो तसाच. म्हणून क्लोरीनचं द्रावण मापानं टाकीत घालायचं, एकेक नळ त्याचा वास येईपर्यंत सोडायचा, रात्रभर तसंच मुरू द्यायचं, आणि सकाळी वास जाईपर्यंत धूत राहायचं. गाडी उभी राहणार असली की टाकी रिकामी करायची. पाणी आपल्याच पाइपानं भरायचं, त्याचं टोक भुईला लागू द्यायचं नाही. आणि एवढं करून प्यायचं पाणी उकळायचं ते उकळायचंच. शिवांजलीनं हे सगळं घरात घोटून घेतलं. फवारणीच्या बादलीला हात लावून आलेला माणूस तिनं गाडीजवळ फिरकू दिला नाही. रणधीरला सांगितलं, बब्रुवानला सांगितलं, सिताबाईंच्या नातवंडांना दरडावून सांगितलं.

फक्त विठाबाईंना तिनं काही सांगितलं नाही. सासूला ती इकडच्या रीतीनं आत्या म्हणायची. ऑपरेशन झाल्यापासून या आत्यांपुढं तिची जीभ उचलतच नसे. कुणाच्या घरून प्रसादाचा शिरा आला की विठाबाई म्हणायच्या, "घे गं एवढा, देवाचा हाय," आणि शिवांजली तो गालात धरून न्हाणीत जाऊन थुंकायची. भाताला जास्तीचं मीठ पडलं तरी ती तक्रार न करता पानातला भात बाजूला सारायची. डॉक्टर एकदा रागावले होते, नाही म्हणायला शिका. दुसऱ्या कुणालाही ती नाही म्हणत होती. पण जिच्या अंगातला तुकडा आपल्या पोटात जिवंत आहे, तिला नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं?

यावेळी निघायचं होतं ते माकणीला, माहेरी. हर्षालीचं डोहाळजेवण होतं. तिनं फोनवर धमकीच दिली होती, "तू न्हाय आलीस तर मी झोपाळ्यावर बसणारच न्हाय. पोटातलं लेकरू तुझं नाव घेऊन रडंल." डॉक्टरांनी जा म्हटलं. पण जाताना बजावलं, ताप आला, पोट बिघडलं, तर तडक इकडं. ऑपरेशननंतर शिवांजली पहिल्यांदाच माहेरच्या उंबऱ्यात पाय ठेवणार होती.

दुसऱ्या धुण्यात वास गेला. गाळून घेतलेल्या पाण्यानं टाकी भरली. विठाबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. शिवांजली सकाळच्या गोळ्या घ्यायला आत गेली आणि साडी बदलून बाहेर आली तेव्हा विठाबाई पदरानं पितळी तांब्या पुसत गाडीला वळसा घालून येत होत्या. तोंडावर काम फत्ते झाल्यासारखं समाधान होतं.

"चला," त्या म्हणाल्या. "आता काय बी व्हत न्हाय."

माकणीला पोचेपर्यंत उन्हानं गाडीचा पत्रा चांगलाच तापला होता. लोहाऱ्याच्या पुढं गेल्यावर धरणाचं पाणी झाडांमधून चकाकायला लागलं आणि शिवांजली फळीवर गुडघे टेकून लहान मुलीसारखी खिडकीला चिकटली. दारात आई उभी होती. शांताक्कांनी लेकीला भाकरतुकडा ओवाळून टाकला, जवळ घेतलं, आणि मग एकदम हात मागं घेतले. "शिवू ना तुला? का धुऊन येऊ?"

"धुऊन ये आणि मग घट्ट धर," शिवांजली म्हणाली.

भाऊ कुलदीपनं गोठ्याच्या बाजूला गाडी लावायला जागा साफ करून ठेवली होती. टाकीत जेवढं पाणी कमी झालं होतं तेवढं संध्याकाळी त्यानं बोअरवरून भरून दिलं. रणधीर आपला पाइप काढायला लागला, तर कुलदीप म्हणाला, "दाजी, राहू द्या. माझा पायप बघा, प्लास्टिकचं वेष्टन आत्ताच फाडलंय." रणधीरचा जीव वरखाली झाला. पण मेहुण्याचं मन मोडवेना. पाणी आत गेलं.

त्या रात्री गप्पांना ऊत आला. हर्षाली पोट सांभाळत फळीवर पाय सोडून बसली होती आणि गाडीचा एकेक नळ सोडून बघत होती. "ताई, अशी गाडी मलाबी पाहिजे. सासू रुसली की गाडी सुरू करायची."

"अन् सासूच मागं झोपलेली असली तर?" विठाबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

सकाळी शिवांजलीनं तोंड धुवायला नळ सोडला. मोटर घरघरली, खोकल्यासारखी अडकली, आणि पाण्याची बारीक धार आली. तिनं सवयीनं ओंजळ नाकाजवळ नेली. आंबूस वास होता. ओंजळीतलं पाणी उजेडात धरलं तर धुरकट, पेजेच्या निवळीसारखं.

दात आधीच घासून झाले होते. रात्री मगात काढून ठेवलेल्या त्याच पाण्यानं चूळ भरली होती.

तिनं नळ बंद केला. आपल्याकडूनच काही राहून गेलं असणार, हा पहिला विचार. माप चुकलं का? कोपऱ्यातला नळ सोडायचा विसरला का? तिनं हाक मारली तशी रणधीरनं येऊन गाळणी उघडली. आत पिवळट पांढरा, चिकट गाळ बसला होता. बोट लावलं तर तार सुटत होती. रणधीरचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला.

"कुलदीप! अरे, त्या पायपात काय होतं?"

कुलदीप हातातली केळीची पानं टाकून धावत आला. "पायपात? काय असणार? कोरा होता."

"कोरा होता तर हे काय आहे? फवारणीला वापरला असशील कधी. शेतातला पायप तो."

"दाजी, तोंड सांभाळून बोला. खास ताईसाठी आणलाय लोहाऱ्याहून. वेष्टन तुमच्यासमोर फाडलं."

"मग बोअरचंच पाणी असं आहे."

"त्या बोअरवर आमी सगळे जगतोय. आमच्या पाण्याला नावं ठेवायला आलाय व्हय तुम्ही?"

आवाज चढले. स्वयंपाकघरातल्या बायका दारात आल्या. शांताक्का मधे पडल्या, तर त्यांचंच कुणी ऐकेना. शिवांजलीनं सिस्टरला फोन लावला. सिस्टरनं आधी ताप विचारला, पोट विचारलं, प्यायलेलं पाणी उकळलेलं होतं का ते विचारलं. होतं. मग ती म्हणाली, "ताई, टाकीत नेमकं काय गेलंय ते शोधा. शेतीचं औषध, डिझेल असलं काही असेल किंवा कळतच नसेल, तर थांबू नका, सरळ इकडं या. खाण्यातलं काही असेल तर घाबरू नका. टाकीचं पाणी बंद, सीलबंद बाटलीचं प्या, ताप बघत राहा."

रणधीरनं एवढंच ऐकलं आणि गाडीत चढला. "निघायचं. कळत नाहीये ना काय आहे ते? मग निघायचं."

"आज डोहाळजेवण आहे," शिवांजली म्हणाली.

"डोहाळजेवण पुढच्या बाळाचं करता येईल. किडनी पुढची नाही मिळत."

झोपाळ्याला फुलं बांधून झाली होती. हर्षाली हिरव्या साडीत दाराला धरून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. शिवांजलीला वाटलं, बरोबरच आहे नवऱ्याचं. तिनं गाळणीचं भांडं फेकून द्यायला उचललं, आणि तिचा हात थांबला. गाळात बुडाशी काहीतरी काळपट हिरवं चिकटलं होतं. नखानं सोडवून घेतलं. तुळशीचं पान. शेजारी कुंकवाचा लालसर कण, पाण्यात विरघळून डाग झालेला.

दूध, दही, तूप, मध, साखर. वर तुळशीचं पान.

पितळी तांब्या, पदरानं पुसत आणलेला.

तिनं मान वर करून पाहिलं. सगळी माणसं गाडीभोवती जमली होती, फक्त विठाबाई पडवीच्या टोकाला पाठमोऱ्या बसून झेंडूची माळ ओवत होत्या. माळ केव्हाच पुरी झाली होती. तरी सुई चालूच होती.

शिवांजली पडवीकडं निघाली, आणि मधेच थबकली. चार चौघांत सांगावं तर विठाबाईंची विहिणीच्या दारात मान खाली जाणार. आणि मान तरी कुणाची, जिच्यामुळं आपण आज या दारात उभ्या आहोत तिची. न सांगावं तर भाऊ विनाकारण बदनाम होणार, बहिणीचा समारंभ मोडणार, आणि आपण एक पान मुठीत दाबून सोलापूरचा रस्ता धरणार. रोजच्यासारखं गालात धरून गप्प बसायचं आणि बाजूला जाऊन थुंकायचं. पण यावेळी थुंकायला जागा नव्हती.

ती विठाबाईंच्या शेजारी जाऊन बसली. आवाज खाली ठेवून म्हणाली, "आत्या, तांब्यात काय होतं?"

"कंच्या तांब्यात?"

"काल गाडी पुजली तेव्हा."

सुई थांबली. "देवाचं व्हतं."

"पंचामृत?"

"मग काय इख व्हतं व्हय?" विठाबाई फटकन म्हणाल्या, पण आवाजात धार नव्हती. "नवी हीर लागली की दूध-दही सोडत्यात. आपल्या बोअरला पानी लागलं तवा तुझ्याच नवऱ्यानं सोडलं व्हतं. गाडी पयल्यांदाच परगावी निघाली. तिच्या पोटातलं पानी तसंच कोरं कसं जाऊ द्यायचं?"

"विहिरीला झरा असतो, आत्या. आलेलं निघून जातं, नवं येतं. टाकीला झरा नाही. जे घातलं ते तिथंच बसतं."

"तीर्थ घान हाय म्हनतीस?"

"नाही म्हणत. घरी पूजा झाल्यावर उरलेलं पंचामृत तुम्ही काय करता?"

"वाटून टाकते. उरलं तर तुळशीत वतते."

"दुसऱ्या दिवसाला का नाही ठेवत?"

विठाबाईंनी माळ मांडीवर ठेवली. झेंडूच्या सुट्या पाकळ्या गोळा केल्या. मग पुटपुटल्या, "नासतंय."

गाडीपाशी रणधीर आणि कुलदीप अजून एकमेकांना सुनावत होते. विठाबाई म्हणाल्या, "तू त्या फिल्टरावर भरवसा ठिवतीस. मला त्यातलं काय कळत न्हाय. म्या म्हनलं, पान्यावर आई भवानीचा हात असू दे. सकाळी उठलं की पयलं तुझं तोंड बघते म्या. सुजलंय का न्हाय. म्या दिलेलं टिकतंय का जातंय. कुनाला सांगावं?"

शिवांजलीला ते नवं होतं. सकाळी सकाळी आत्या आपल्याकडं टक लावून बघतात ते तिला नेहमी राखणीसारखं वाटे, हिशोब घेतल्यासारखं. ती भीती असेल असं तिच्या मनात आलं नव्हतं. गप्प बसावं, पान मुठीतच ठेवावं, असंही क्षणभर वाटलं. पण मग दारातली हर्षाली दिसली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"भीती वाटत होती तर मला विचारायचं होतं. मला विचारल्याशिवाय माझ्या पाण्यात काही घालायचं नाही. देवाचंसुद्धा नाही. तुमच्या हातचंसुद्धा नाही."

आवाज मोठा झाला होता. तिचा तिलाच ऐकू आला. विठाबाईंनी चमकून पाहिलं. इतक्या वर्षांत सुनेनं त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. आणि मग जे यायला नको तेच बाहेर आलं.

"माझं पोटात घालून घेतलंस तवा न्हाय म्हनली न्हाईस."

बोलून झाल्यावर त्यांनीच तोंडावर पदर धरला. शिवांजलीला कुणीतरी ऑपरेशनच्या टाक्यांवर बोट दाबावं तसं झालं. पण नवल असं, की ज्या वाक्याला ती दीड वर्ष भीत होती ते ऐकून झालं होतं, आणि ती अजून तिथंच बसली होती.

"तेव्हा नाही म्हणण्याइतका जीव नव्हता माझ्यात," ती म्हणाली. "आज आहे. तुम्ही दिला म्हणून आहे. तो सांभाळायचा तर मला तुम्हालाही नाही म्हणावं लागेल, आत्या."

विठाबाईंनी मांडीवरची माळ बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चालू लागल्या. शिवांजलीला वाटलं, आता पिशवी उचलणार आणि येष्टीची वाट धरणार. रुसल्या की त्या तसंच करत. पण त्या पडवी उतरून गाडीकडं गेल्या, दोघा पुरुषांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"रणधीर, त्येच्या पायपाला नावं ठिवू नगंस. म्या वतलंय."

"काय वतलंयस?"

"पंचामृत. तांब्याभर. देवाला दावून."

रणधीरनं डोक्याला हात लावला. "आये! अगं, दूध-दही टाकीत?"

"तुला बोअरला चालतंय, मला टाकीला चालत न्हाय का? न्हाय चालत. कळलं आता." मग त्या कुलदीपकडं वळल्या. "बाबा, तुला बोल लागला माझ्यापायी. राग मानू नगंस."

कुलदीपनं मघाशी टाकलेली केळीची पानं उचलली. शेवटी म्हणाला, "मावशी, तांब्याभर तूपसाखर घालून फुकट घालवली. मला द्यायची की."

आधी शांताक्का हसल्या, मग बायका, मग हर्षाली डोळे पुसत. रणधीर मात्र हसला नाही. त्यानं सिस्टरला पुन्हा फोन लावला, सगळं सांगितलं. सिस्टर म्हणाली, थांबा तिकडंच, पण सांगितलेलं सगळं पाळा. कुलदीपनं मोटारसायकल काढली आणि लोहाऱ्याहून सीलबंद बाटल्यांची खोकी घेऊन आला.

डोहाळजेवण झालं. हर्षाली झोपाळ्यावर बसली, बायकांनी गाणी म्हटली, शिवांजलीनं बहिणीची ओटी भरली. ताट मात्र तिचं वेगळं होतं. आईनं तिच्या डोळ्यांदेखत बाटलीच्या पाण्यात केलेलं. विठाबाई कोपऱ्यात बसून होत्या. गाण्याला त्यांनी साथ दिली नाही. हाताला काम म्हणून विड्याच्या पानांना चुना लावत राहिल्या.

दुपार कलल्यावर टाकी धुवायला काढली. आधी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून सगळं खंगाळलं, तेव्हा पाइपांतून कणीदार पांढरं पाणी बाहेर पडत राहिलं. जुनी गाळणी फेकून बरोबर आणलेली नवी बसवली. मग क्लोरीनचं द्रावण. शिवांजली मापाचं झाकण डोळ्यांसमोर धरून ओतायला लागली, तेव्हा विठाबाई येऊन थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या.

"एवढंसंच?" त्या कुणाला उद्देशून न बोलल्यासारखं म्हणाल्या.

"एवढंच. जास्त झालं तर तेच बाधतं."

"हं."

रणधीर चावी आवळून गाडीखालून बाहेर आला. "याच्या झाकणाला कुलूप लावून घेतो. छोटं कुलूप मिळतं. म्हणजे कटकटच नको."

"लाव," विठाबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाचा काय भरवसा?"

"कुलूप नको," शिवांजली म्हणाली. रणधीर बघत राहिला. "कुलूप लावून काय होतं? मी नाही म्हटलं की नाही, एवढं घरात चाललं पाहिजे. ते चालत नसेल तर कुलुपाची किल्लीही कुणीतरी मागेल आणि मी देईन."

विठाबाईंनी पदर खोचला आणि घरात गेल्या.

रात्री आणि सकाळी शिवांजलीनं ताप बघितला. ताप नव्हता. पोट ठीक होतं. तरी गावी गेल्यावर आधी रक्त तपासून यायचं असं तिनं नवऱ्याला सांगून टाकलं. सकाळी टाकी रिकामी केली, वास जाईपर्यंत धुतली, आणि परतीसाठी पाणी भरायला घेतलं. रणधीरनं आपला पाइप काढला होता. मग तो थांबला, पाइप गुंडाळून आत टाकला आणि कुलदीपला म्हणाला, "तुझाच आण." कुलदीपनं तो रात्रीच क्लोरीनच्या पाण्यानं धुऊन टांगून ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं.

पाइपाचं टोक कुलदीपच्या हातात, भुईपासून वर. झाकण उघडं. शिवांजली गोळ्या घ्यायला गाडीत चढली होती. खिडकीतून तिला दिसलं, आई घाईघाईनं येतेय, हातात ताज्या दोऱ्यानं बांधलेली वाळ्याची जुडी.

"थांब रे कुलदीप," शांताक्का म्हणाल्या. "ऊन लई हाय. माठात टाकतो तशी ही जुडी आत सोडते. पोरीला पाणी गार अन् वासाचं लागंल."

शिवांजलीनं पाण्याची बाटली खाली ठेवली. आईला हाक मारायला तोंड उघडलं. त्याआधीच विठाबाई गाडीच्या कुशीला आल्या होत्या. टाकीच्या तोंडाला हात न लावता त्या त्याच्यापुढं आडव्या उभ्या राहिल्या.

"ईनबाई, जुडी घरच्या माठात टाका. हितं काय बी सोडायचं न्हाय."

"अवं, वाळाच हाय. धुतलाय. त्यानं काय हुतंय?"

"ते मला ठावं न्हाय," विठाबाई म्हणाल्या. "ती न्हाय म्हनलीय."